डबीवरचं कुंकू

गडहिंग्लजच्या बाजारात आता कवळी मिळत नाही. बघायचीच असेल तर वस्तुसंग्रहालयात जावं लागतं. तिथे ती काचेच्या कपाटात पितळी अडकित्त्याशेजारी मांडलेली आहे आणि शाळेच्या सहलीला आलेली पोरं तिच्यापुढे उभी राहून खिदळतात. पूर्वी माणसं आपले दात काढून वाटीभर पाण्यात ठेवत, हे त्यांना काही केल्या खरं वाटत नाही.

चिनीमातीच्या दातांचीही तीच गत झाली. एके काळी ज्याला त्याला पांढरेशुभ्र, एका मापाचे, न्हाणीघरातल्या फरश्यांसारखे दात हवे असायचे. लग्नाच्या फोटोत नवरा, नवरी, करवली आणि भटजी सगळे एकाच तोंडाने हसायचे. मग दंतबीज आलं आणि ते खूळ दहा वर्षांत ओसरलं. आता ज्याचा सुळा जरा वाकडा, तो जास्त ऐटीत हसतो. वाकडा सुळा म्हणजे अस्सल माल, स्वतःच्या जबड्यात रुजलेला.

हे दात रुजवण्यात डॉ. केतकी हुपरीकर यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि बहुतेक वेळा कोणी विचारायच्या आधी. छप्पन्न वर्षांच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'तुमचंच हसू, तुम्हाला परत'. बाराशेच्या वर दात रुजवले, एकही फुकट गेला नाही. अशा बाईने थोडा तोरा मिरवला तर तो तिला शोभतो.

ओवी चौगुले त्यांच्याकडे आली ती ऐन लग्नसराईत. अठ्ठावीस वर्षांची ही मुलगी लग्नांत आणि बारशांत निवेदन करायची. निपाणीच्या एका लग्नात वरमाईकडून उखाणा वदवून घ्यायला ती माइक घेऊन व्यासपीठावरून उतरत होती. शालूत पाय अडकला, ती तोंडावर पडली आणि माइकचं लोखंडी डोकं ओठांवर बसलं. वरचे पुढचे चार दात गेले. तोंड इतकं सुजलं होतं की तिला 'हं' म्हणणंही जड जात होतं. जिचं पोट बोलण्यावर आणि हसण्यावर, तिचंच तोंड बंद झालं होतं.

बोलायला तिची आई होती. अश्विनीताई, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका. पाठ ताठ, नजर थेट.

"मॅडम, पहिल्यासारखं होईल ना सगळं?"

"पहिल्यासारखं म्हणजे काय, पहिलंच होईल," केतकीबाई म्हणाल्या. "दुधाच्या दाताच्या आत मऊ गर असतो. त्या गरातल्या पेशी जिवंत ठेवल्या की त्यांच्यापासून आम्ही मुगाएवढं बीज तयार करतो. ते हिरडीखाली लावायचं. पाच महिन्यांत दात वर येतो."

"पण पटाशीच्या जागी दाढ उगवली म्हंजे?"

केतकीबाईंना असे प्रश्न आवडायचे. "नाही उगवत. कुठला दात यायचा ते जागा ठरवते. पुढे लावलं तर पटाशी, मागे लावलं तर दाढ. पण ती पटाशी रुंद की अरुंद, सरळ की तिरकी, ते बीजातच लिहिलेलं असतं. ज्याचं बीज, त्याचा दात. म्हणून तर तुमच्यासारख्यांनी चोवीस वर्षांपूर्वी घरोघर डब्या वाटल्या."

वाटल्या होत्या खऱ्या. त्याआधी पोराचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर भिरकावायचा, ही रीत होती. 'दात कौलावर नको, डबीत' अशी मोहीम निघाली तेव्हा अश्विनीताईंनी उन्हातान्हात हिंडून बाया तयार केल्या. डबी म्हणजे पुरचुंडीएवढी धातूची कुपी. तिच्यातल्या औषधात पेशी चाळीस वर्षं झोपून राहतात. बायांनी डबी घेतली, पण आपल्या पद्धतीने. पहिला दात आत पडला की झाकणावर कुंकू लावायचं, आणि मग डबी देव्हाऱ्यात. डबीवर कुंकू लावायची रीत कुठल्याही सरकारी पत्रकात नव्हती आणि तरीही ती चार तालुक्यांत पसरली.

अश्विनीताईंनी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. झाकणावर कुंकवाचा जाड थर बसलेला, नाव त्याच्याखाली गेलेलं.

नियम असा होता की डबीवरचं नाव रुग्णासमोर मोठ्याने वाचायचं. केतकीबाईंनी डबी हातात घेतली, कुंकू बघितलं आणि थबकल्या. त्या कुंकवावर बोट फिरवून ते पुसायचं, तेही त्याच्या मालकिणीसमोर, हे त्यांच्याने होईना. शिवाय समोर कोण, तर जिने गावभर डब्या वाटल्या ती बाई. ओवीचे डोळे वेदनेने मिटलेले होते.

"ओवीचीच ना?"

"घरातलीच हाय, मॅडम," अश्विनीताई म्हणाल्या.

पेशींची जुळणी तपासली गेली. ओवीचं शरीर हे बीज स्वीकारेल की नाही, एवढंच त्या तपासणीत कळतं. अहवाल आला, पूर्ण जुळणी. केतकीबाईंनी चार बीजं लावली आणि नव्या रुग्णाकडे वळल्या.

पाच महिन्यांनी चारही दात पूर्ण वर आले. त्या दिवशी नेहमीच्या थाटात केतकीबाईंनी आरसा पुढे केला. "घ्या, तुमचं हसू!"

ओवी आरशात बराच वेळ बघत राहिली. दात देखणे होते, मोत्यासारखे चकचकीत. मधल्या दोघांमध्ये एक बारीक फट होती आणि डावीकडचा दात अंमळ वळलेला, जणू शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगतोय.

"मॅडम, छान आहेत," ती म्हणाली. "पण माझे नाहीत."

"सवय नाही अजून. महिनाभर जीभ चाचपडते."

"तसं नाही. माझ्या दातांत फट नव्हती." तिने फोनवरचा जुना फोटो पुढे धरला. फोटोतले दात रुंद, सरळ, एकमेकांना चिकटून उभे. "आणि 'स्वागत' म्हणताना आता शीळ वाजते."

केतकीबाईंनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला. बीज खोटं बोलत नाही, हे त्या गेली वीस वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या. तेच वाक्य आता त्यांच्याच अंगावर आलं. त्यांनी ओवीला उद्या ये म्हणून सांगितलं आणि ती जाताच शीतपेटी उघडली. उपचार संपेपर्यंत डबी दवाखान्यातच राहते.

ओल्या कापसाने त्या कुंकू पुसू लागल्या. एक थर निघाला. खाली दुसरा, थोडा काळपट. त्याखाली आणखी. कापूस भरला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. एकदा लावलेलं कुंकू एवढं नसतं. ही डबी कोणीतरी वर्षानुवर्षं पुजली होती.

शेवटी अक्षरं दिसली. रेवा.

आयुष्यात पहिल्यांदा केतकीबाईंना आपल्या हाताची भीती वाटली. मग त्यांनी अश्विनीताईंना फोन लावला.

अश्विनीताई आल्या त्या डबीकडे बघून जराही बिचकल्या नाहीत. पुसलेलं कुंकू बघून मात्र त्यांनी पदराने डबी झाकली.

"ही रेवा कोण?" केतकीबाईंनी विचारलं.

"माझी थोरली. वर्षानं मोठी ओवीपेक्षा. सात वर्षांची असताना मेंदूज्वरानं गेली. बावीस वर्षं झाली." त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला. दोन वेण्या घातलेली मुलगी खदखदून हसत होती आणि तिच्या वरच्या हिरडीत मधोमध दोन दातांची मोकळी खिडकी होती. "हा शेवटचा. आठ दिवस आधी दोन्ही दात एकदम पडले हुते. मला म्हणाली, आई, आता मोठे दात येणार. रोज आरशात बघायची, आले का म्हणून."

"म्हणजे चूक झाली नाही. तुम्ही मुद्दाम—"

"मुद्दाम केलं. दोन्ही डब्या पिशवीत हुत्या. जुळलं नसतं तर ओवीची काढून दिली असती. सख्ख्या बहिणींत चारात एकदा जुळतं म्हणतात. मी देवावर सोडलं." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "त्या खिडकीत काय आलं असतं ते बघायचं हुतं, मॅडम. बावीस वर्षं बघायचं हुतं. दुसरं काही न्हाई."

"आणि ओवीचं काय?"

"तिला दात पायजे हुते, दात मिळाले. कुणाचं नुकसान झालं?"

केतकीबाईंना संताप आला आणि त्याच वेळी त्या फोटोवरून नजरही हलेना. खिडकीत काय आलं असतं याचं उत्तर त्यांनी स्वतःच्या हातांनी उगवलं होतं. दात एकदा आला की तो मेलेल्याचा की जित्याचा हे दातावर लिहिलेलं नसतं.

"मी हे तिला सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझीही आहे. नाव मी वाचलं नाही. अजून महिनाभर मुळं कोवळी आहेत, तोवर हे चार दात सहज निघतील. मग तिची स्वतःची बीजं लावीन."

अश्विनीताईंनी हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत. "सांगा," एवढंच म्हणाल्या. "पण काढायचं का ठेवायचं ते तिला ठरवू द्या."

दुसऱ्या दिवशी केतकीबाईंनी काही लपवलं नाही. ओवीने सगळं ऐकून घेतलं. मग तोंडावर हात ठेवून ती उठली, जणू आत कोणीतरी परकं बसलेलं आहे.

"माझ्या तोंडात?" ती पुटपुटली. "विचारलंसुद्धा नाही मला?"

"नाही विचारलं. म्हणूनच आता निर्णय तुझा. उद्याच काढते म्हणालीस तर उद्या काढीन."

"आठ दिवस द्या," ओवी म्हणाली.

केतकीबाईंना खात्री होती की ती काढायलाच येणार. त्यांनी तयारीही करून ठेवली. आपली चूक आपण निस्तरू, पाच महिन्यांत हिच्या तोंडात हिचे दात असतील, या विचाराने त्यांचा गेलेला आत्मविश्वास परत आला. आठव्या दिवशी सकाळी पहिलाच क्रमांक ओवीचा होता. अश्विनीताई बाहेरच्या बाकावर बसल्या.

"बस," केतकीबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "तासाभराचं काम आहे."

"आधी ऐका, मॅडम." ओवी खुर्चीत बसली नाही. "पहिले तीन दिवस मी आईशी बोललेच नाही. चौथ्या दिवशी ती तांदूळ पाखडत होती. शेजारच्यांचं मांजर चिमणीवर झेपावलं आणि धपकन बादलीत पडलं. मला हसू आवरलं नाही. आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. बघितलं, एवढंच. मॅडम, मी वर्गात पहिली आले तेव्हा आई म्हणाली, रेवा हुशार होती. बक्षीस मिळालं तेव्हा म्हणाली, रेवा असती तर. बावीस वर्षं ती माझ्याकडे बघायची ते माझ्या मागे कोणी उभं आहे का ते शोधत. त्या दिवशी पहिल्यांदा तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. रात्री जेवताना विचारलं, आणखी काय वाढू? मला आठवतंय तेव्हापासून तिनं हे विचारलं नव्हतं."

केतकीबाईंनी चढवलेले हातमोजे काढले. "म्हणजे ठेवायचे आहेत."

"हो. आणि खालचे काढायचे आहेत."

"काय?"

"खालचे चार. मग चारही सुळे. डबीत गर आहे अजून, सगळं तोंड होईल एवढा. तुम्हीच म्हणाला होतात, जागा सांगेल तो दात उगवतो."

"ओवी, ते दात निरोगी आहेत! तुझे आहेत!"

"ठाऊक आहे," ओवी शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. असाच पक्का आवाज केतकीबाईंचा स्वतःचा असायचा, भिंतीवरचं वाक्य रुग्णांना वाचून दाखवताना.

"मी नाही काढणार. चांगला दात काढणं माझ्या हातून होणार नाही."

"मग कोल्हापुरात कोणी तरी काढेल. डबी तेवढी परत द्या. ती आमची आहे."

ती त्यांचीच होती, कायद्यानेही. केतकीबाईंनी शीतपेटीतून रेवाची डबी काढून दिली. पुसलेल्या झाकणावर ओवीने घरून आणलेल्या पुडीतलं कुंकू बोटाने लावलं आणि डबी पिशवीत ठेवली. मग त्याच पिशवीतून दुसरी डबी काढून टेबलावर ठेवली.

"ही इथेच राहू द्या. घरात आता हिचं काही काम नाही."

तिने दार उघडलं. बाकावरून अश्विनीताई उठल्या. लेकीच्या ओठांतून ती बारीक फट दिसताच त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"झालं का गं, रेवा?"

ओवी अडखळली नाही.

"झालं, आई," तिने ओ दिली. "चल."

दोघी हातात हात घालून जिना उतरून गेल्या. केतकीबाईंनी टेबलावरची डबी उचलली. आता नियम पाळायला हवा होता. कापूस ओला करायला त्यांनी हात पुढे केला, पण त्याची गरज पडली नाही. या झाकणावर कुंकू एकदाच लागलं होतं, बावीस वर्षांपूर्वी कधी तरी, आणि तेही विटून गेलं होतं. खालचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. केतकीबाईंनी ते मोठ्याने वाचलं, पण ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.