लिंबापर्यंतचा पाइप

नळ पूर्ण सोडलेला होता. पाइप नळाला घट्ट बांधलेला होता. तरीही आईच्या लिंबापर्यंत पाण्याचा थेंब पोहोचला नाही आणि मी मात्र डोक्यापासून पायापर्यंत भिजले. असं का झालं असेल, सांगा पाहू. तेव्हा मलाही सांगता आलं नव्हतं. मी आपली सिंकजवळ उभी राहून रडले.

आम्ही कुठे राहतो ते आधी सांगते, म्हणजे रडण्याचं कारण कळेल. आमचं घर दुर्बिणीच्या डोंगरावर आहे. ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी) ती टिपते. तिला गोंगाट चालत नाही, म्हणून सात कोसांत मोबाइल नाही, बिनतारी काही नाही आणि माणसंही नाहीत. शाळा तारेवरून येते, पडद्यावरच्या चौकोनांत. शाळा सुटली की चौकोन विझतात. मग उरतो आम्ही दोघं, मी आणि बाबा. बाबाही दिवसभर उताराखालच्या नियंत्रण कक्षात असतात.

आई चंद्रावर आहे. तिथेही ती दुर्बीणच उभारतेय. गेली त्या दिवशी तिनं घरामागच्या वरच्या टप्प्यावर कागदी लिंबाचं रोप लावलं आणि म्हणाली, "मी तीन वर्षांनी, आषाढात परत येईन. तोवर याला जगव." दर रविवारी तिचा निरोप येतो, त्यात पहिला प्रश्न लिंबाचा असतो, दुसरा माझा. या गोष्टीचा मला राग येतो, पण ते असो.

यंदा लिंबाला पहिल्यांदा फळं धरली. सुपारीएवढी, मोजून अकरा. आणि नेमका चैत्रात बागेचा पंप जळाला. नवा यायला तीन आठवडे. स्वयंपाकघराच्या नळाला मात्र डोंगरमाथ्यावरच्या टाकीतून पाणी येत होतं. बाबा संध्याकाळी दोन बादल्या वर न्यायचे, पण ते पाणी सकाळपर्यंत कुठल्या कुठे जायचं. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे मी बादली उचलू शकत नव्हते. अकरातली चार फळं गळून पडली होती.

राहिले बंडोपंत. बंडोपंत म्हणजे आमचा स्वयंपाकघरातला यंत्रमानव. आईनंच जोडलेला, चाकांवरचा, जुना. त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. आईनं मला त्याला अहो-जाहो करायला शिकवलंय आणि तोही मला 'केतकीबाई' म्हणतो.

"केतकीबाई, रडून झालं असेल तर फरशी पुसून घ्या," बंडोपंत म्हणाले. "आणि काय केलंत ते क्रमानं सांगा."

मी सांगितलं. आपल्याकडे सगळे जसं करतात तसंच केलं होतं. पाइप नळाच्या तोंडावर चढवला, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि डाव्या हातानं नि दातांनी ओढून ओढून वरून गुंडाळली. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा पाइप फटकन निसटला आणि सगळं पाणी माझ्या अंगावर.

"लिंबू कुठे आहे?"

"वर. छपराएवढ्या उंचीवर."

"म्हणजे पाइपातलं पाणी छपराएवढं चढतं. त्या सगळ्या पाण्याचं वजन कुठे येऊन बसतं?"

मी विचार केला. "खाली. नळाच्या तोंडाशी."

"त्यालाच दाब म्हणायचं (पाण्याचा सगळ्या बाजूंना पडणारा रेटा). हा रेटा पाइपला आतून फुगवतो. पाइप फुगला की नळाभोवती फट पडते. तुम्ही बाहेरून कितीही आवळलंत तरी पाणी आतून ढकलतंच. शिवाय पाइपला धरून ठेवायला तिथे काहीच नाही. नळ गुळगुळीत आहे."

"मग काय करायचं? सोडून द्यायचं?"

"नळाच्या तोंडाशी बोट लावा. जाळी लागते का?"

लागली. पाण्यात हवा मिसळून थोडं पाणी जास्त भासवणारी ती जाळी. बंडोपंतांनी फडक्यात धरून ती फिरवली आणि ती चक्क बाहेर आली. आत गोल गोल चकचकीत रेषा होत्या.

"हे आटे (एकात एक फिरून अडकणाऱ्या खाचा). बरणीच्या झाकणाला असतात तसेच. पाइपच्या टोकालाही आटे आहेत, पण मोठे. दोघांना जुळवायला मधे एक जोड लागेल. एका बाजूनं लहान आटे, दुसऱ्या बाजूनं मोठे."

"तो कुठे मिळणार?"

"तालुक्याला," बंडोपंत म्हणाले. मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला. "आणि माझ्या डाव्या हातात. भांडी धुवायचं पाणी मी त्यातूनच भरून घेतो."

त्यांनी कोपराजवळचं झाकण उघडून पितळेचा जोड काढून दिला. डावा हात लुळा पडला.

"अहो, पण तुम्ही भांडी कशी धुणार?"

"तुम्ही धुणार आहात. तुमचा डावा तरी चालतो. आता ती ट्यूब आणा."

मी ट्यूब धरली आणि त्यांनी उजव्या हातातल्या कात्रीनं तिच्या दोन छोट्या गोल चकत्या कापल्या, मधे भोक असलेल्या. "हे वायसर. केतकीबाई, तुमचं रबर बरोबर होतं, जागा चुकली होती. आटे नुसते धरून ठेवतात. पाणी अडवतं रबर. ते दोन कडांमधे आत चेपलं गेलं पाहिजे."

एक वायसर जोडाच्या वर, एक खाली. मी हातानंच आवळलं आणि नळ सोडला. पाइप साप अंग ताठ करतो तसा ताठ झाला, पण एक थेंब गळला नाही. मी धावत वर गेले. लिंबाच्या आळ्यात पाणी खळाळत होतं. मला आरडाओरडा करायचा होता, पण ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून मी परत खाली येऊन बंडोपंतांना सांगितलं.

"मला एकटेपणा कळत नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही दिवसातून नऊ वेळा दार उघडून रस्त्याकडे बघता, हे मी मोजतो. आज पाचच वेळा बघितलंत."

पुढचं सांगायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी जास्तच शहाणपणा केला. लिंबाला शेणपाणी द्यावं म्हणून बाबांनी वर ठेवलेल्या शेणकाल्याच्या बादलीत पाइपचं टोक बुडवलं आणि नळ सोडून वर जाऊन बसले. बादली भरता भरता पाणी थांबलं. आणि मग बादलीतलं पाणी कमी होऊ लागलं. कुणी हात लावत नव्हतं, बादली फुटकी नव्हती, तरी पातळी खाली खाली चाललेली.

थोड्या वेळानं बाबा चढून आले. तोंड ओलं, मिशीला गवताच्या काड्या. वासावरून काय ते कळलं.

"अंगणातल्या खालच्या नळाचा वायसर बदलायला टाकीचा कॉक बंद केला," बाबा म्हणाले, "नळ सोडून उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं. केतकी, लिंबाचं खत बाबांना घालायचं ठरवलंयस का?"

आम्ही खाली आल्यावर बंडोपंतांनी उंबरठ्याआडून समजावलं. वरून येणारं पाणी बंद झालं आणि खालचा नळ उघडला, की पाइपातलं पाणी खाली घसरतं. घसरताना मागचं पाणी ओढून घेतं, बादलीच्या काठावरून चढवूनसुद्धा. याला वक्रनलिका म्हणतात (काठ ओलांडून उंचावरचं पाणी खाली ओढणारी भरलेली नळी). उपाय सोपा होता. पाइपचं टोक पाण्यात बुडवायचंच नाही, वीतभर वर ठेवायचं. मधे हवा असली की ओढायला पाणीच मिळत नाही.

बाबा आता हसत नव्हते. "पितो तेच पाणी आहे हे," एवढंच म्हणाले. आम्ही सगळी नळी धुवून काढली आणि दोन दिवस उकळलेलं पाणी प्यायलो. मी पाइप काठीला बांधला, बादलीपासून वीतभर उंच.

उरलेली सात लिंबं टिकली, फुगली, रसरशीत झाली. आणि ज्येष्ठ सरता सरता, एका रविवारी आईचा निरोप आला. काम लांबलंय. आषाढात नाही, दिवाळीनंतर येईन. लिंबाबद्दल तिनं या वेळी विचारलंच नाही. फक्त माझी चौकशी केली.

मी वर जाऊन लिंबाशेजारी बसले. लिंबं पिवळी होऊन गळायला लागली असती आणि आई आलीच नसती. मग वाटलं, सात लिंबांसाठी एवढा पाइप चढवला तो काय त्यांना मातीत पडू द्यायला?

प्लास्टर निघालं होतं. मी सातही लिंबं तोडली, पुसली आणि चिरली. मीठ मोजून दिलं बंडोपंतांनी, त्यांच्या डाव्या हातानं. नवा पंप बसल्यावर मी त्यांचा जोड परत लावला होता, नव्या वायसरसकट. बाबांनी बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला.

पुढच्या रविवारी आईला कळवलं, "लिंबू जगलंय. त्याचं लोणचं घातलंय. दिवाळीपर्यंत छान मुरेल. ये."