बाईंचा पॉज

वीज गेली होती. गच्चीवर सगळी पोरं काकांना चिकटून बसली. काकांची उभी हयात नाटकांची प्रकाशयोजना करण्यात गेलेली, त्यामुळे अंधार किती वेळ ताणायचा हे त्यांना बरोबर कळायचं.

"खरी हवी की रचलेली?"

"खरी," पुतणी म्हणाली. "आणि पाल्हाळ नको."

"माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे. ऐक."

हा मित्र प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं हळूच पुरवणं हे त्याचं काम. सगळे त्याला कुजबुज म्हणत. गेल्या वर्षी, फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी, रात्री साडेअकराला तो नाट्यगृहावर गेला तो एक खुर्ची आणायला. बाई, म्हणजे त्या नाट्यगृहाच्या लाडक्या अभिनेत्री, वारल्या होत्या. सकाळी शोकसभा होती आणि फोटो ठेवायला त्यांच्या गाजलेल्या नाटकातलीच खुर्ची हवी, असं ठरलं होतं. रखवालदाराने जांभई देत किल्ली दिली.

"लवकर आटपा हो. माझा डोळा लागला तर आत सकाळ होईल तुमची."

बाईंनी चाळीस वर्षं रंगमंच गाजवला. त्या नाटकात, फार उशिरा परतलेल्या मुलाला आई म्हणते, "दार उघडंच होतं रे..." आणि थांबते. मग म्हणते, "तूच आला नाहीस." त्या थांबण्यापायी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. एका प्रयोगाला बाई नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. कुजबुजची घाबरगुंडी उडाली. विसरल्या असं समजून त्याने वाक्य पुरवलं, आणि तेही केवढ्यांदा! पुढच्या रांगा फिदीफिदी हसल्या.

झालं. बाई विसरायला लागल्या, असा बोभाटा झाला. बाई खरंच विसरल्या का, असं निर्मात्याने विचारलं, तेव्हा कुजबुज मान खाली घालून उभा राहिला. बाईंची नाटकं सुटली. मग मालिकेत काम मिळालं, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं. सात वर्षं बाई कॅमेऱ्यासमोर नुसत्या पडून राहिल्या. वाक्य एकही नाही. विसरतील म्हणून.

"चूक माझी होती, एवढं सांगायला काय झालं होतं?" पुतणी उसळली. "नको तिथे बोलायचं आणि हवं तिथे मिठाची गुळणी! तुम्ही मोठी माणसं ना..."

"तोही स्वतःला हेच विचारायचा," काका म्हणाले. "बाईंच्या दारापर्यंत जाऊन कितीदा परत फिरला. उद्या सभेत तरी सांगायचंच, असं घोकत तो आत शिरला."

आत मिट्ट काळोख. मोबाईलच्या उजेडात विंगेतली खुर्ची सापडली. त्याने ती उचलली.

"दार उघडंच होतं रे..."

रंगमंचावरून.

खुर्ची हातातच राहिली. तोच आवाज. तोच खर्ज. मग... काहीच नाही.

तो उभा होता तीच त्याची जुनी जागा. समोर पॉज. लांबत चाललेला. त्याला वाक्य पुरवायचं नव्हतं. बाई, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

ओठांवर बोट टेकलं.

गार.

तो गप्प. श्वाससुद्धा...

"तूच आला नाहीस."

स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण मुलाला उद्देशून नव्हे. विंगेच्या दिशेने.

खुर्ची छातीशी धरून तो बाहेर आला. रखवालदाराने बॅटरी मारली.

"अहो, तोंडाला काय फासलंय?"

नाकाखालून हनुवटीपर्यंत, ओठांवरून उभा, मेकअपचा पट्टा. बोटाएवढा.

काका थांबले.

"आणि सभेत?" कुणीतरी विचारलं.

"सभेत जो तो म्हणत होता, बिचाऱ्या शेवटी विसरायच्या. हा उठला. माईकपाशी गेला..."

काका पुन्हा थांबले. पुतणीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"सांगितलं त्याने," बऱ्याच वेळाने काका म्हणाले. "सगळं सांगितलं."

"मग सुटला की."

"रोज रात्री साबणाने तोंड धुऊन झोपतो," काका म्हणाले. "सकाळी पट्टा असतोच. ओला."