न्हाव्याचा आरसा

फोन आला तेव्हा काचवाला न्हाव्याच्या मोठ्या आरशाच्या कडा घासत होता. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणून बायको सकाळी बहिणीला सोबत घेऊन दवाखान्यात गेली होती. जाताना दारातून बजावून गेली होती, "मी आल्याशिवाय आरसा उचलायचा नाही. पाठ तुमची असली तरी तिची मालकीण मी आहे."

"म्हणजे मी नुसता भाडेकरू," तो म्हणाला होता.

फोनवर मेहुणी होती. "भावोजी," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. त्याने घासायचा दगड टेबलावर ठेवला, हात पुसले, दुकानाला कुलूप लावलं. आरसा टेबलावर आडवाच राहिला.

बायकोचं सगळं आटोपून त्याने पुन्हा दुकान उघडलं, तेव्हा आरसा भिंतीला टेकून उभा होता. खाली दोन लाकडी पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांवर जाड कापड, ती घालायची तसंच.

समोरच्या न्हाव्याला विचारलं तर तो म्हणाला, "किल्ली तुझ्या खिशात, आणि विचारतोस मला? तूच उभा केला असशील. त्या दिवशी तुला कसली शुद्ध होती?"

शुद्ध नव्हती हे खरं. पण तो आरसा एका माणसाच्या आवाक्यातला नव्हता.

साधी काच उचलताना दोघांना एकमेकांची तोंडं दिसतात. आरशाचं तसं नसतं. एक टोक तो समोरून धरायचा आणि दुसरं ती मागून. कडेवर कापडाची घडी असल्यामुळे तिची बोटंही दिसायची नाहीत. आरशात त्याला दिसायचा तो स्वतः. म्हणून तिने टिचक्यांची पद्धत पाडली होती. मागून दोन टिचक्या आल्या की, मी धरलंय, उचला. एक टिचकी आली की, टेकलं, सोडा. ती एक टिचकी येईपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर सगळा भार दुसऱ्यावर जातो. संसारात दोघं पुष्कळदा भांडले, पण हा नियम कधी मोडला नाही.

ती गेल्यावर त्याची कंबर फारच बिघडली. मोजे घालायला वाकता येईना. डाव्या पायाला मुंग्या यायच्या, मग तो बधिर व्हायचा. पायातली चप्पल निसटायची आणि रस्ता ओलांडून झाल्यावर त्याला ते कळायचं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. मणक्यातली चकती सरकून नस दाबली जात होती.

"ऑपरेशन केलं तर पाय वाचेल," ते म्हणाले. "नाही केलं तर हळूहळू पाऊल उचलणं बंद होईल. मात्र ऑपरेशननंतर ओझं उचलायचं नाही. कधीच नाही."

दवाखान्यातून तो तसाच दुकानात आला. आरशावर दुपारचं ऊन पडलं होतं. सवयीने त्याने आपलं टोक धरलं. उचलायचा विचार नव्हता, नुसता हात ठेवला होता.

मागून दोन टिचक्या आल्या.

त्याने उचललं. पलीकडचं टोक बरोबर उठलं, त्याच चालीने, त्याच उंचीवर. शेजारच्या घरातला रेडिओ कुणी बंद करावा तशी कंबर एकदम शांत झाली. आरशात एक ताठ उभा म्हातारा दिसत होता. असा तो कित्येक महिन्यांत उभा राहिला नव्हता. त्याने मागे डोकावून पाहिलं नाही. भीती वाटली नाही. आरसा सावलीतल्या भिंतीशी टेकला, एक टिचकी आली आणि त्याने सोडलं. पलीकडच्या कडेवरची कापडाची घडी चार ठिकाणी दबलेली होती.

मग हे रोजचंच झालं. दुपारी या भिंतीकडून त्या भिंतीकडे.

"अरे, माझ्या आरशाला फिरायला नेतोस की काय?" न्हावी ओरडायचा. "गिऱ्हाइकं स्वतःचं तोंड विसरली!"

काचवाला हसून वेळ मारून न्यायचा. पण आरसा ठेवल्यावर पाय आधीपेक्षा जास्त बधिर व्हायचा. आता तो पाय ओढत चालायचा.

मुलगी रोज विचारायची. "बाबा, ऑपरेशनचं काय ठरलं?"

"बघू."

"बघू बघू म्हणत आईनेही अंगावर काढलं."

ऑपरेशन झालं की उचलणं संपलं, आणि उचलणं संपलं की टिचक्या संपल्या. हे मुलीला कोणत्या तोंडाने सांगणार?

एकदा तो आरसा उचलून उभा असताना मुलगी मागच्या दाराने दुकानात आली. ती आरशाच्या मागच्या बाजूला होती. त्याला ती दिसत नव्हती, फक्त तिचं पाऊल थबकल्याचं ऐकू आलं.

मग अगदी हळू म्हणाली, "ठेवा. दोघांनी सावकाश ठेवा."

त्याने ठेवला. एक टिचकी आली. मुलगी पुढे आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा लहानपणीसारखा दिसत होता.

"ती दमलीय, बाबा," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी त्याने ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने आरसा न्हाव्याकडे पोचवला. मुलीने हात वर करून रस्ता थांबवला. न्हावी मदतीला म्हणून पायरी उतरला, अर्ध्यावर थांबला आणि एका अंगाला सरला. दोन माणसं जातील एवढी वाट त्याने दिली. खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला साबण तसाच ठेवून उठून उभं राहिलं.

आरसा भिंतीला लागला. न्हाव्याने चारही कोपऱ्यांत स्क्रू पिळले.

काचवाला टिचकीची वाट पाहत राहिला.

"सोड आता," न्हावी म्हणाला. "बसला तो."

टिचकी आली नाही.

शेवटी मुलीने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

ऑपरेशन चांगलं झालं. पायात जीव आला. कंबर दुखत नाही. कमरेला पट्टा बांधून तो दुकानात बसतो आणि लहान फ्रेमा करतो. मोठं काम घेत नाही.

परवा तो दाढीला गेला तेव्हा न्हाव्याने दार लोटून घेतलं आणि आपली मूठ उघडली. मुठीत चार स्क्रू होते.

"पुसताना निघाले. चारही. भिंतच भुसभुशीत आहे."

काचवाल्याने वर पाहिलं. आरसा जागच्या जागी होता. खाली टेकू नव्हता की वर साखळी नव्हती.

"कधी निघाले?"

"तू दवाखान्यात होतास तेव्हा."

काचवाला उठून आरशापाशी गेला. आपल्या टोकापाशी त्याने हात नेला आणि तसाच मागे घेतला. त्याला उचलायची मनाई आहे.

ती एक टिचकी अजून यायची आहे.