कडी काढल्याची ओळ

चैतालीने ती ओळ घातली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, गॅसवर आमटी उकळत होती, आणि आपण काही भलतंसलतं करतो आहोत असं तिच्या मनातही आलं नव्हतं. चोवीस वर्षं ती प्रुफं तपासत होती. लेखकमंडळी नायिकेचे डोळे पहिल्या प्रकरणात घारे करतात आणि सातव्यात काळे, मेलेल्या काकांना लग्नाच्या पंगतीत जेवायला बसवतात. ते निस्तरायचं, हाच तिचा धंदा.

आप्पासाहेबांच्या नव्या कादंबरीतही तसलीच चूक होती. चौथ्या प्रकरणात मोलकरीण मागच्या खोलीला बाहेरून कडी लावते आणि नवव्यात नायक त्या खोलीतून ट्रंक घेऊन येतो. मधे कडी कोणी काढली, याचा पत्ता नाही. तिने प्रकाशकाला, राकेशला फोन लावला.

"मॅडम, टाकून द्या ना एक ओळ," तो म्हणाला. "आप्पांना या वयात कशाला डिस्टर्ब करायचं? चारला फाइल प्रेसला जातेय."

तिने लिहिलं, 'त्याने कडी काढली.' तीन शब्द. मग रिवाजाप्रमाणे केलेल्या बदलांची यादी लेखकालाही पाठवून दिली.

खरं म्हणजे शंका तिला आधीच यायला हवी होती. आप्पासाहेबांच्या आधीच्या नऊही कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या तिच्याच हातून गेल्या होत्या. प्रत्येकीत एक खोली, तिला बाहेरून कडी, आणि ती कडी शेवटच्या पानापर्यंत कोणी काढत नाही. समीक्षकांनी तिला बंदिस्त समाजाचं प्रतीक ठरवलं होतं. दोघांनी त्या कडीवर पीएच.डी. मिळवली होती. चैताली म्हणायची, म्हाताऱ्याची सवय आहे, दुसरं काय.

अडीच वाजता आप्पासाहेबांचा फोन आला.

"चैतालीबाई, आपण जरा येता का? आत्ता."

"काय झालं, आप्पासाहेब?"

"या... मग सांगतो."

तिच्या कर्वेनगरच्या घरापासून त्यांचं एरंडवणं काही लांब नाही. श्रावणातलं आभाळ खाली उतरलेलं, दुपारची वेळ, गल्लीत माणूस म्हणून नव्हतं. आप्पासाहेबांच्या जिन्यात ओल्या भिंतींचा वास दाटला होता. दार लोटलेलंच होतं. बाहेरच्या खोलीत, खिडक्या लावून, एक्याऐंशी वर्षांचे आप्पासाहेब खुर्चीत बसले होते. मांडीवर तिने पाठवलेली यादी होती. नजर मात्र आतल्या खोलीच्या दाराकडे होती.

"मी अकरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. नमस्कार नाही, बसा नाही. "कुसू आठ. माझी बहीण. आई-वडील गावाला गेले होते. मला कालव्यावर पोहायला जायचं होतं आणि ही पाठ सोडेना. तिला मागच्या पत्र्याच्या खोलीत घातलं, कडी लावली आणि गेलो. मे महिना होता... पोहण्याच्या नादात विसरलो, हो. संध्याकाळी येऊन कडी काढली, तर ती दाराशीच होती."

चैताली समोरच्या खुर्चीत टेकली.

"घरच्यांना सांगितलं, कडी नव्हतीच लावलेली. दार घट्ट बसलं असेल. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पंचविशीत दार वाजायला लागलं. ज्या घरात राहायला जाईन, त्या घरात. एकदा जीव मेटाकुटीला आला, म्हणून ते लिहून काढलं. खोली, कडी, सगळं. त्या दिवसापासून थांबलं. पाच-सहा वर्षं एका कादंबरीवर निघायची. मग पुन्हा आवाज, की पुन्हा कादंबरी. लोक म्हणतात, मी झपाटल्यासारखा लिहितो. बरोबरच आहे त्यांचं."

"आणि आता?"

"आता हात चालत नाही. ही शेवटची होती, बाई. आज अकरा वाजल्यापासून..."

त्यांना पुढे बोलावं लागलं नाही. आतल्या खोलीच्या दारावर थाप पडली. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. मग पुन्हा एक. जोर नव्हता त्यात. कोणी येणार नाही हे पुरतं कळल्यावरही माणूस वाजवत राहतो, तसा तो आवाज होता.

चैतालीने दाराकडे पाहिलं. ते चांगलं वीतभर उघडं होतं.

"ओळ काढा," आप्पासाहेब कुजबुजले. "राकेशला सांगा... मला शांतपणे मरू द्या."

ती फोन घेऊन गॅलरीत गेली. साडेतीन होत आले होते. राकेशने फोन उचलला. "बोला मॅडम."

सत्तर वर्षं, तिच्या मनात आलं. आठ वर्षांची पोर सत्तर वर्षं दारामागे अडकली आहे, आणि हा माणूस दर पाच-सहा वर्षांनी नव्याने कडी घालतो, वर पुरस्कार घेतो. तिला त्याचा मनापासून राग आला. भीतीपेक्षा जास्त राग आला.

"काही नाही," ती म्हणाली. "फाइल बरोबर आहे. जाऊ द्या छपाईला."

आत येऊन तिने आप्पासाहेबांना सांगितलं, "काढली ओळ." म्हाताऱ्याने डोळे मिटले, गालांवरून पाणी ओघळलं. निघताना ती आतल्या दाराजवळ वाकली आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "ये बाळा. ये बाहेर."

थापा थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांचा फोन आला. आवाज दहा वर्षांनी तरुण झाला होता. "रात्रभर गाढ झोपलो, चैतालीबाई. घर अगदी शांत आहे. ओळ काढलीत, उपकार झाले."

"हो," ती कशीबशी म्हणाली आणि फोन ठेवला.

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. पहाटेपासून तिथेच होती. कर्वेनगरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ती एकटीच राहत असे, आणि पहाटेपासून तिच्या निजायच्या खोलीचं दार आतून वाजत होतं. खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

पहाटे पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मागे पहिली थाप पडली, आणि तिनेच दार ओढून बाहेरून कडी घातली होती. काल 'ये' म्हणणं किती सोपं गेलं होतं. आज ती तीनदा त्या दारापर्यंत गेली. उघडायचंच, असं ठरवून गेली. प्रत्येक वेळी हात कडीपर्यंत पोचला, कडी नीट बसली आहे ना एवढं चाचपून पाहिलं, आणि परत आला. तिला स्वतःची शरम वाटली. तरी कडी निघाली नाही.

शेवटी ती टेबलाशी बसली आणि एक कोरा कागद पुढे ओढला. जन्मभर तिने दुसऱ्यांचीच वाक्यं दुरुस्त केली होती, स्वतःचं एकही लिहिलं नव्हतं.

'खोलीला बाहेरून कडी होती,' तिने लिहिलं.

दार वाजायचं थांबलं. चैतालीने श्वास सोडला, पेन खाली ठेवलं.

मग दाराच्या फटीतून, अगदी जमिनीलगत, कोणीतरी हलकेच विचारलं, "पुढे?"