कारोआचा दोर

वाल्देमीरची शेळी कुंपणावर वाळत घातलेल्या, कारोआ या काटेरी रानझुडपाच्या पात्यांपासून काढलेल्या वाखात शिंगं अडकवून उभी होती. तिला सोडवायला तो धावत आला, तर समोर त्या वाखाचे दोर वळून विकणारी जुसेलिया, कमरेवर हात ठेवून.

"तुमचीच ना ही?"

"माझीच… वाख खराब झाला असेल, तर रानातून नवी पाती उपटून आणून देतो."

"आणा, त्यांचे काटे मी काढीन. आधी तुम्ही या दोराचं टोक धरा."

भाऊ साओ पावलोला गेल्यापासून तिच्या दोराचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. अंगणाच्या एका कडेला ती दोराला पीळ देणारी फिरकी फिरवू लागली. दुसऱ्या कडेला वाल्देमीर दोराच्या टोकाचा आकडा धरून उभा राहिला. पीळ बसेल तसा दोर आखूड होतो आणि धरणाऱ्याला पुढं ओढतो, हे त्याला कुठं ठाऊक!

"अहो, ओढताय कशाला?"

"मी कुठं? दोर ओढतोय," ती हसली.

मग तो रोजच दुपारी येऊ लागला.

"आज शेळी कुठंय?"

"घरी."

"मग तू कशाला आलास?"

तो नुसता हसायचा. आकडा उचलायचा.

एके दिवशी आला तो खाली मान घालून, आणि आकडा धरत म्हणाला, "उद्या ट्रक जातोय दक्षिणेला, ऊस तोडायला… मी नाव दिलंय."

जुसेलियाचा हात थांबला. क्षणभरच. मग तिनं फिरकी अशी जोरात फिरवली, की वाल्देमीर पावला-पावलानं पुढं आला. त्याच्या साबणाचा वास तिच्यापर्यंत पोचला.

"पुरे, जुसेलिया! गाठी पडतील. बाजारात कोण घेईल?"

"विकायचाच नाहीये. ऐक, तू मला आवडतोस. जायचं तर जा… पण कुणी विचारलं नाही, असं म्हणू नकोस. लग्न करशील माझ्याशी?"

"आणि खायचं काय?"

"दोघांनी वळलं तर दुप्पट दोर होतो. तुझ्या शेळ्या आहेतच."

"तुझे बाबा…?"

"खिडकीतून बघताहेत कधीचे. पोरगा जरा मंद दिसतो, म्हणत होते."

वाल्देमीरनं आकडा सोडून दिला. दोर वळवळत गुंडाळला गेला. उरलेलं अंतर तो चालून आला आणि काट्यांनी ओरखडलेला तिचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

"मंद आहेच मी," तो म्हणाला. "करेन."

सकाळी वाल्देमीरला शोधत ट्रक जुसेलियाच्या दारापुढं थांबला. भोंगा वाजला. वाल्देमीर रानात पाती उपटायला केव्हाच गेला होता. जुसेलिया फाटकाशी आली.

"जा रे बाबा पुढं," तिनं हात हलवला, "इथलं कुणी येत नाही!"