ओकबुन मावशीचं पान

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. मालसुन माझी शेजारीण, भिंतीला भिंत. फोनवरचं बोलणं मी ऐकलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती परतली तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिलाय. मला तेवढं पुरे आहे.

आमचं गाव योंगजू. ७ ऑक्टोबर २०१९, सोमवार. चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याचा नववा दिवस. ज्या मृतांची तिथी ठाऊक नसते, त्यांचं पान या दिवशी मांडतात.

मालसुनच्या घरी हे पान ओकबुन मावशीचं. तिच्या आईची थोरली बहीण. कोरियन युद्धात सगळे दक्षिणेकडे पळत होते, तेव्हा लोकांनी आईला मालगाडीच्या टपावर ओढून घेतलं. सहा वर्षांची आई वर. नऊ वर्षांची ओकबुन खाली. हातात हात.

गाडी हलली...

आणि हात सुटला.

"मी सोडला गं तिचा हात," आई जन्मभर म्हणत राहिली. आदल्या हिवाळ्यात ती गेली, तेही हेच म्हणत.

म्हणून मालसुनने शोध सुरू केला. वंशावळीचं पुस्तक काढलं, तर त्यात मुलींची नावंच नाहीत. मग युद्धात ताटातूट झालेल्यांच्या सरकारी यादीत नाव घातलं, लाळेचा नमुना दिला. नवरा चिडवायचा, "तुझे जिवंत नातेवाईक फोन उचलत नाहीत, आणि तू हरवलेले शोधायला निघालीस."

त्या सोमवारी पत्र आलं. तुमच्याशी रक्ताचं नातं असावं अशी एक बाई आहे. नाव ओकबुन. राहणार कुनसान. खाली फोन नंबर.

पान मांडून झालं होतं. भात, मुळ्याचं सूप, सुका मासा, पर्सिमनची फळं. मावशीला आत येता यावं म्हणून दार किलकिलं ठेवलं होतं. मृताने जेवावं म्हणून भातात चमचा उभा रोवतात, तेवढा रोवायचा राहिला होता.

मालसुनने ओल्या हातांनीच नंबर लावला.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"किती उशीर केलास," एक म्हातारा आवाज म्हणाला.

"मावशी? मी... तुमच्या बहिणीची मुलगी."

"मग दुसरं कोण असणार?"

मागे आगगाडीचा खडखडाट ऐकू येत होता. बाईचा श्वास मात्र...

कुठेच ऐकू येत नव्हता.

मालसुनला रडू आवरेना. आई गेल्याचं तिने सांगितलं. हाताचंही सांगितलं.

"वेडी आहे ती," मावशी म्हणाली. "तिने कुठे सोडला? मी सोडला. घट्ट धरून बसली होती गं. सोडला नसता तर माझ्याबरोबर खाली आली असती."

अडुसष्ट वर्षं आईने छातीवर वागवलेला धोंडा एका वाक्यात उतरला होता. आणि ते ऐकायला आई नव्हती.

"दरवर्षी या दिवशी मला भूकच लागत नाही," मावशी सांगत होती. "कोणी भरवल्यासारखं पोट भरतं. यंदा मात्र सकाळपासून फार भूक लागलीय. पान झालं का गं?"

मालसुन रडता रडता हसली. "मावशी, आता कसलं पान? जिवंत माणसाचं पान मांडतात का? आत्ता उचलते. उद्या डबा घेऊन येते आणि माझ्या हाताने वाढते तुम्हाला."

"बरं," मावशी म्हणाली.

फोन बंद झाला. मालसुनने भात परत भांड्यात ओतला. दार लावून घेतलं. भिंतीवर थापा मारून मला बोलावलं आणि माझ्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती कुनसानला पोहोचली. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण बाहेर आली.

"ओकबुन आजी? तिला जाऊन आठ महिने होत आले की. फेब्रुवारीत गेली."

"काल मी बोलले त्यांच्याशी. फोनवर."

"फोन तेव्हाच काढून नेला, बाई."

"मागे गाडीचा आवाज येत होता."

मालकिणीने समोरच्या गंजलेल्या रुळांकडे पाहिलं. दहा वर्षांत त्यांच्यावरून एकही गाडी गेली नव्हती.

"आजीला एकच घोर होता," ती हळूच म्हणाली. "मी मेल्यावर माझं पान कोण मांडणार, म्हणायची. ना मूल, ना बाळ..."

मालसुन तिथेच उंबऱ्यावर बसली.

इतकी वर्षं आईने जिवंत बहिणीला मेलेल्यांचं जेवण वाढलं होतं. आणि ज्या वर्षी तिला ते खरंच हवं होतं, त्याच वर्षी मालसुनने समोरचं पान उचललं होतं. मागितल्यावर. हसत.

तिने डबा उघडून उंबऱ्यावर ठेवला. भातात चमचा रोवला. भात कालचा होता.

"मेलेल्या माणसाला शिळं वाढलं मी," परत आल्यावर ती एवढंच म्हणाली.

आता तिथी माहीत आहे. फेब्रुवारीत ती पान मांडते, नवव्या महिन्यातही मांडते. दार सताड उघडं ठेवते. आणि फोन मांडीवर घेऊन बसते.

अजून एकदाही वाजलेला नाही.

"पोट भरत असेल गं तिचं," मी समजूत काढते.

मालसुन दाराकडे बघत राहते.

"भरत असेल," ती म्हणते. "की आता मागायचंच सोडलं असेल तिने?"