आर्वोचे हातमोजे

तळ्याकाठच्या आमच्या बेफिल्ड गावाहून समोरच्या बेटावर जायला भर हिवाळ्यात होडी नसते. तळं गोठलं की त्याच्यावरूनच रस्ता होतो, आणि वाट चुकू नये म्हणून नाताळात वापरून झालेली गावातली झाडं कडेनं रोवतात. यंदा एका झाडाला अजून चंदेरी झिरमिळ्या होत्या.

"हे माझं," हिल्मा आजी म्हणाली. "काढायचा कंटाळा केला."

दर फेब्रुवारीत आमचा सायकल क्लब बेटावर पाक घातलेली गोड धिरडी खायला जातो. क्लब चालवायचा तो आर्वो, हिल्माचा नवरा. शरद ऋतूत एका रात्री तो झोपला तो उठलाच नाही. तरी यंदा हिल्मानं खिळ्यांचे टायर चढवले आणि सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली. पंचाहत्तरी उलटलेली आई बर्फावर जाणार म्हणून तिचा मुलगा हवालदिल झाला होता. मी त्याला शब्द दिला, धडधाकट परत आणते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते; वाऱ्याचा अंदाज बघूनच शब्द दिला होता. अंदाज सपशेल चुकला.

जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे सगळेच शूर. बेटावर लॉइडनं, म्हणजे आमच्यातल्या नंबर एकच्या टवाळानं, धिरड्यांचा फडशा पाडला. मग त्याची नजर हिल्माच्या हातांकडे गेली. अंगठा तेवढा वेगळा, बाकी बोटांना एकच पिशवी, असे अवाढव्य हातमोजे.

"आजी, आर्वोचे ढापलेस होय?"

"त्याला आता कुठे थंडी वाजणार आहे? पाक दे इकडे."

परतताना वारा थेट तोंडावर आला. अशा वेळी आम्ही एका ओळीत चालवतो. जो पुढे असेल तो वारा अंगावर घेतो, दमला की डावीकडे सरकून शेपटाला जातो. आर्वोची एक जास्तीची सवय होती. मागे गेला की जो रखडत असेल त्याच्या पाठीवर तळवा ठेवून त्याला ढकलत आणायचा. आज शेपटाला हिल्मा होती. मी दर वेळी मागे बघितलं की ती आणखी लहान दिसायची.

"मास्तरीणबाई, दमानं घ्या," माझ्या मागून लॉइड ओरडला. "आजी सुटतेय."

दमानं घ्यायला काहीच नव्हतं. आम्ही जेमतेम चालण्याच्या वेगानं जात होतो, आणि थांबलो असतो तर गारठलो असतो. दिलेला शब्द आठवून मी पुन्हा मागे बघितलं.

तेवढ्यात वारा पडला.

माझ्यापुरताच. दोन्ही बाजूंनी भुरभुरता बर्फ तसाच मागे पळत होता. मी मात्र कुणाच्या तरी पाठीआड असावी तशी निवांत होते. समोर रस्ता मोकळा होता. तिथून बर्फावर खिळे कुरकुरल्याचा आवाज येत होता.

मग तो आडोसा डावीकडे सरकला. वाऱ्यानं मला पुन्हा थोबाडीत मारली.

"अरे, वारा थांबला," मागून लॉइड म्हणाला. थोड्या वेळानं, "नाही, आहे."

मग त्याच्या मागचा कुणीतरी तेच म्हणाला. मग त्याच्याही मागचा.

मी मागे बघायचं टाळलं.

काही वेळानं उजवीकडून हिल्मा आली आणि मला मागे टाकून गेली. गाल लाल, तोंडभर हसू. भर वाऱ्यात, चढत्या वेगानं.

तिचे पाय थांबलेले होते.

किनाऱ्यावरच्या खाणावळीत ती शेगडीला पाठ करून बसली. सगळे तिची थट्टा करत होते, मोटर कुठे लपवलीयस म्हणून. तिच्या पाठीमागून जाताना लॉइडच्या हातातला कप थबकला.

जाकिटावर, दोन खांद्यांच्या मध्ये, पांढऱ्या हिमाचा पंजा उमटला होता. पाच बोटं, सुटी सुटी. शेगडी धडधडत होती, तरी तो विरघळत नव्हता.

"काय आहे रे?" हिल्मानं विचारलं.

मी सांगितलं.

"उघडा हात?"

"हो."

ती मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले.

"वेडा कुठला," ती म्हणाली. उठून बाहेर गेली, हातमोजे सायकलच्या दांडीला अडकवले आणि आत येऊन वाटाण्याचं सूप मागवलं. मग लॉइडला विनोद सुचला आणि आम्ही खरंच पोटभर हसलो.

निघताना हातमोजे आणायला मी गेले. श्वास नाकातच गोठावा अशी थंडी होती. ते तिनं अडकवले होते तसेच लटकत होते. मी एकात हात घातला.

आतून तो उबदार होता, आणि किंचित ओलसर.